कोसबाडचा शिक्षणप्रयोग

कोसबाडचा शिक्षणप्रयोग हा महाराष्ट्रातील पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यात, प्रथम बोर्डी व नंतर कोसबाड येथे, नूतन बालशिक्षण संघाच्या ग्राम बालशिक्षा केंद्राने चालविलेला पूर्वप्राथमिक आणि प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम होय. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) या त्याच्या प्रवर्तक होत. १९४५ मध्ये बोर्डी या किनाऱ्यावरील गावात त्याचा प्रारंभ झाला आणि १९५७ मध्ये तो कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आला. अंगणवाडी, कुरणशाळा आणि विकासवाडी ही या प्रयोगातून आकाराला आलेली तीन रूपे भारतीय बालशिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाची मानली जातात.

मूल शाळेत येत नसेल किंवा वर्गात रमत नसेल, तर दोष मुलात न शोधता शाळेच्या जागेत, वेळेत, साधनांत आणि भाषेत शोधावा, हे या प्रयोगाचे मूलसूत्र होते. वर्गातील प्रत्येक मुलाला शिकण्यात सहभागी करून घेण्याची जी तंत्रे आज शिक्षक-प्रशिक्षणात सांगितली जातात, त्यांपैकी अनेकांचा वापर येथे वारली व अन्य आदिवासी मुलांबरोबर झाला.

== पार्श्वभूमी ==

=== सामाजिक स्थिती ===

डहाणू, तलासरी आणि त्यांच्या आसपासचा प्रदेश हा वारली समाजाची मोठी वस्ती असलेला भाग आहे. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा सर्व भाग ठाणे जिल्ह्यात मोडत असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील आदिवासी कुटुंबे जमीनदार व सावकार यांच्या कर्जात अडकलेली होती. वेठबिगार सर्रास चाले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी पतिपत्नीने सावकाराकडे राबण्याच्या प्रथेला ‘लग्नगडी’ असे नाव होते. या स्थितीविरुद्ध १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. त्याची हकिकत गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात आली आहे. बोर्डीच्या केंद्राचा आरंभही त्याच वर्षातला.

अशा कुटुंबात मूल हे लहानपणापासूनच घरकामाचा आधार असे. मुलगे गुरे राखत आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळत. पावसाळ्यात भाताची लावणी आणि त्यानंतर गवतकापणी यांत मोठ्या माणसांबरोबर मुलेही गुंतलेली असत. शाळेची घंटा आणि या कामांचे वेळापत्रक यांचा मेळ बसत नव्हता.

=== शैक्षणिक विचार ===

इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. मुलाला मोकळीक, योग्य साधने आणि अनुकूल वातावरण मिळाले तर ते स्वयंप्रेरणेने शिकते, हा त्यांचा विचार गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी उचलला. ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाईंच्या कार्यात सहभागी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून या विचाराचा प्रसार होऊ लागला. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले.

माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती आणि तिचा लाभ प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गीय मुलांना मिळत होता. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली पद्धती भारतात सुस्थित घरांपुरती उरली, ही विसंगती ताराबाईंना खटकत होती. ग्रामीण मुलांसाठी ही पद्धती कमी खर्चात राबविता येते काय, हे पाहण्यासाठी वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांनी बोर्डी हे क्षेत्र निवडले.

अनुताई वाघ यांचा बालविवाह झाला होता आणि अल्पकाळातच त्यांना वैधव्य आले. पुढे शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये बोरिवली येथील ग्रामसेविकांच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि त्या बोर्डीला आल्या. तेव्हापासून अखेरपर्यंत त्यांचे आयुष्य याच कार्यात गेले.

== प्रयोगाचे टप्पे ==

=== मध्यवर्ती बालवाडी व अंगणवाडी ===

बोर्डी येथे बालवाडीचे दोन प्रकार विकसित झाले. एक मध्यवर्ती बालवाडी. ती ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी भरे. परंतु समाजाच्या तळच्या थरातील मुले तेथे फारशी येत नसत. पालकांना शाळेचे महत्त्व पटवून देण्यात बराच काळ गेला असता, आणि तोवर मुलांचे शिकण्याचे वय निघून गेले असते. म्हणून शिक्षिकांनीच वस्तीत जाऊन एखाद्या घराच्या अंगणात मुले गोळा करण्यास सुरुवात केली. ही झाली अंगणवाडी.

अंगणातील शाळेचे काही फायदे लगेच दिसून आले. परक्या इमारतीची भीती उरली नाही. आई किंवा आजी काम करता करता मुलाकडे पाहू शकत असल्याने घरच्यांचा संशयही मावळला. शिवाय पाहुणे म्हणून आलेल्या शिक्षिकांना मुलांचे घर, अन्न, बोली आणि खेळ समोरच पाहायला मिळाले. पुढील अध्यापनाची सामग्री त्यातूनच निघाली.

=== विकासवाडी ===

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडला आल्यावर वारली पाड्यांशी त्याचा थेट संबंध आला. शाळेत येण्याजोग्या वयाच्या मुली धाकट्या भावंडामुळे घरी अडकून पडतात, हे येथे ठळकपणे दिसले. भावंडाला घरी ठेवून ये, असे सांगण्यात अर्थ नव्हता, कारण घरी त्याला पाहणारे कोणी नसे. यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात, एकाच व्यवस्थेखाली चालविण्यात आली. या एकत्रित रचनेला विकासवाडी हे नाव मिळाले.

ताई आणि तिचे भावंड दोघेही एकाच आवारात येत असल्याने मुलीच्या शिक्षणातील मोठा अडथळा दूर झाला. याशिवाय पाळणाघरातून बालवाडीत आणि बालवाडीतून पहिलीत जाताना मुलाला नव्या जागेचा व नव्या माणसांचा धक्का बसत नसे. पूर्वप्राथमिक आणि प्राथमिक शिक्षण एकमेकांत गुंफलेले असावे, हा विचार येथे प्रत्यक्षात उतरला.

=== कुरणशाळा ===

गुरे राखणाऱ्या मुलांचा प्रश्न विकासवाडीनेही सुटत नव्हता. सकाळी गुरे घेऊन रानात गेलेला मुलगा दिवस कलतानाच परतत असे. त्याला शाळेत आणायचे, तर गुरांची सोय लावावी लागली असती. म्हणून शिक्षक साधने घेऊन कुरणात गेले आणि गुरे चरत असताना, झाडाच्या सावलीत शाळा भरू लागली. हीच कुरणशाळा.

दिवसभर कामात असणाऱ्यांसाठी रात्रीच्या वर्गांचीही जोड देण्यात आली. मात्र दिवसभराच्या श्रमांनी थकलेले मूल रात्री झोपेला येते. कुरणात तेच मूल ताजेतवाने आणि सवंगड्यांत असते, तेथे त्याला रिकामा वेळही मिळतो. कुरणशाळेचे बलस्थान हेच होते.

== अध्यापनतंत्रे ==

=== लहान घटक आणि गटकार्य ===

कुरणात वा अंगणात निरनिराळ्या वयांची मुले एकत्र असत. कोणी रोज येई, कोणी अधूनमधून. एखाद्याला मध्येच उठून पांगलेले जनावर वळवून आणावे लागे. अशा वर्गात सर्वांना एकच पाठ एका वेळी देणे शक्य नव्हते. साहजिकच अभ्यासाचे लहान, स्वतंत्र घटक पाडणे, समान पातळीच्या मुलांचे गट करणे आणि पुढे गेलेल्या मुलाकडून मागच्याला मदत मिळवून देणे यांवर भर आला. एक दिवस चुकलेल्या मुलाचा धडा बुडत नसे. ते जेथे थांबले होते तेथून पुढे सुरू करी.

शिक्षकाने वर्गासमोर उभे राहून बोलत राहिल्यास पुढच्या रांगेतील चारदोन मुलेच उत्तरे देतात आणि उरलेली गप्प बसतात, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. प्रत्येकाच्या हाताला काम असले की ही विभागणी पुसट होते. न बोलणारे मूल काय जाणते, हे त्याच्या हातातील कामावरून शिक्षकाला कळू शकते.

=== परिसरातील साधने ===

माँटेसरी पद्धतीत आकार, वजन, स्पर्श, रंग आणि नाद यांची जाण देणारी ठरावीक साधने असतात. दट्ट्यांची पेटी, मनोरा, खरखरीत अक्षरे ही त्यांपैकी काही. बोर्डी-कोसबाड येथे या साधनांचे तत्त्व घेतले गेले आणि त्यांच्या जागी परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तू आल्या. दगडगोटे, पाने, फुले, बिया, शंख-शिंपले, काड्या आणि माती यांपासून मोजणी, वर्गीकरण, क्रम लावणे आणि तुलना यांचे खेळ तयार झाले.

यात काटकसर होती आणि दुसराही एक हेतू होता. रानातील मुलाला झाडे, पाखरे, वाटा आणि पावसाची चिन्हे यांचे ज्ञान शहरी मुलापेक्षा कितीतरी अधिक असते. छापील पाठ्यपुस्तकापुढे मात्र तेच मूल अडाणी ठरते. अभ्यास पानांपासून आणि बियांपासून सुरू झाला, की पहिल्याच दिवशी ते मूल जाणकार ठरते. वर्गातील त्याचे स्थान बदलते आणि त्याबरोबर त्याचा उत्साहही.

=== बोलीचा स्वीकार ===

वारली बोली आणि पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी यांत उच्चार, शब्द आणि प्रत्यय यांचे अंतर आहे. घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा ऐकणारे मूल बोलण्याचेच टाळते. शिक्षक त्याचा अर्थ मंदपणा असा लावतो. यावर उपाय म्हणजे प्रथम मुलाला त्याच्या बोलीत बोलू देणे, शिक्षकाने ती बोली समजून घेणे आणि नंतर गाणी, गोष्टी व चित्रवर्णन यांतून हळूहळू प्रमाण भाषेकडे नेणे हा होय. बोलीतील वाक्य चूक म्हणून खोडायचे नाही. त्याच्या शेजारी दुसरे वाक्य ठेवायचे, असा हा क्रम आहे.

हा प्रश्न आदिवासी पाड्यांपुरता नाही. जिल्ह्याच्या दक्षिणेस वसई तालुक्यात, वटार व आसपासच्या गावांसह, सामवेदी म्हणजेच कादोडी आणि वाडवळी यांसारख्या बोली घराघरांत बोलल्या जातात. तेथील शाळांतही घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांच्यात पूल बांधण्याचे काम शिक्षकाला करावे लागते.

=== गाणे, गोष्ट, नाच ===

माँटेसरी यांनी लहान वयात परीकथांसारख्या कल्पित गोष्टींना फारसे स्थान दिले नव्हते. गिजुभाई आणि ताराबाई यांनी मात्र लोककथा, बडबडगीते, नाट्य आणि लोकनृत्य यांना बालशिक्षणात आवर्जून जागा दिली. तारप्याच्या सुरावर फेर धरून नाचणाऱ्या वारली समाजात ही निवड विशेष उपयुक्त ठरली. समूहगीतात आणि फेरात सामील होण्यासाठी काही येत असण्याची अट नसते. नवखे मूलही पहिल्या दिवशी त्यात मिसळू शकते. त्यामुळे दिवसाचा आरंभ गाण्याने करणे हे सहभागाचे एक सोपे साधन बनले.

=== स्वच्छता, आरोग्य आणि आहार ===

सुरुवातीच्या काळात अनुताई पाड्यांवर जाऊन मुलांना गोळा करीत, त्यांना आंघोळ घालीत, नखे कापीत आणि केस विंचरीत. खरूज, ताप किंवा भूक यांनी बेजार झालेल्या मुलाचे लक्ष अक्षरांत लागणे शक्य नाही, हे त्यामागील सरळ कारण होते. पुढे हीच कामे मुले स्वतः करू लागली आणि ती जीवनव्यवहाराचे शिक्षण म्हणून दिनक्रमाचा भाग बनली. माँटेसरी पद्धतीत अशा व्यवहारकृत्यांना अभ्यासाचेच स्थान आहे.

=== मोकळीक आणि शिस्त ===

ताराबाईंच्या विचारात शिक्षा आणि बक्षीस या दोहोंना स्थान नव्हते. शिक्षेच्या भीतीने मूल शाळा टाळते आणि बक्षिसाच्या स्पर्धेत मागे पडलेले मूल प्रयत्न सोडते. दोन्हींचा शेवट एकच. काम निवडण्याची मोकळीक असावी, पण साधन वापरून झाल्यावर जागेवर ठेवणे आणि दुसऱ्याच्या कामात अडथळा न आणणे हे नियम सर्वांनी पाळावेत, अशी शिस्तीची कल्पना होती. धमकी आणि मार यांची सवय असलेल्या मुलांना शाळेकडे ओढून घेण्यात या वातावरणाचा वाटा मोठा होता.

=== निरीक्षण ===

बालवाडीच्या शिक्षिकेने शिकविण्याआधी पाहायला शिकावे, असा आग्रह होता. कोणते मूल एकटे बसते, कोणते काम अर्धवट सोडते, कोणाला दिसण्या-ऐकण्याची अडचण आहे, हे टिपून त्याप्रमाणे पुढील काम ठरविणे हा अध्यापनाचाच भाग मानला गेला.

== शिक्षकांचे प्रशिक्षण ==

शाळा कुरणात न्यायची तर तेथे जाणारा शिक्षक हवा. पाड्यावर मुक्काम करण्यास तयार असलेल्या, उपकरणांवाचून काम करू शकणाऱ्या आणि स्थानिकांशी मिळूनमिसळून राहणाऱ्या बालसेविका तयार करण्यासाठी केंद्राने प्रशिक्षणवर्ग चालविले. साधने तयार करणे, गाणी व गोष्टी जमविणे, गृहभेटी देणे आणि मुलांचे निरीक्षण करणे हे त्यातील प्रमुख विषय होत. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात या कार्याचे अनुभव मांडले आहेत. बी. ए. ही पदवी त्यांनी १९६१ मध्ये, काम चालू असतानाच, वयाच्या ५१ व्या वर्षी मिळविली.

== प्रभाव ==

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू केली. तिच्या गावपातळीवरील केंद्राला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. त्याचे मूळ बोर्डीच्या प्रयोगात असल्याचे मानले जाते. योजनेच्या अंगणवाडीत पोषण आणि लसीकरण यांना प्राधान्य आले आणि अनेक ठिकाणी पूर्वप्राथमिक शिक्षणाचा भाग मागे पडला. मूळ कल्पनेत मात्र आरोग्य आणि शिक्षण ही एकाच कामाची दोन अंगे होती.

अनुताई वाघ आणि प्रा. रमेश पानसे यांनी १९८२ मध्ये ग्राममंगल ही संस्था स्थापन केली. डहाणू तालुक्यातील दाभोण आणि ऐने येथे तिने कोसबाडचा धागा पुढे नेला. मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञानाची रचना करते, हा विचार घेऊन तिने प्राथमिक वर्गांसाठी साधने आणि शिक्षक-प्रशिक्षण विकसित केले. पुढे सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी वर्गरचनेबद्दल राज्यभर लक्ष वेधून घेतले. फळ्याऐवजी फरशीवर आखलेली चित्रे व आकृत्या, बाकांऐवजी गटात बसलेली मुले आणि काड्या-मण्यांचे गणित हे तेथील दृश्य कोसबाडच्या अंगणाशी नाते सांगणारे आहे.

शाळा मुलाच्या ठिकाणी नेण्याचे तत्त्व अन्यत्रही वापरले गेले. वसई तालुक्यातील उसगाव येथून काम करणाऱ्या विधायक संसद या संस्थेने वीटभट्टीवरील मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालविल्या. भट्टीवरील मजुरांच्या तात्पुरत्या खोपटाला भोंगा म्हणतात. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात भरणाऱ्या साखरशाळा आणि दुर्गम वस्त्यांवरील वस्तीशाळा ही त्याच तत्त्वाची आणखी उदाहरणे होत.

== मर्यादा व चर्चा ==

कोसबाडचा प्रयोग ध्येयवादी कार्यकर्त्यांवर उभा होता. त्याचे मोठ्या प्रमाणावर अनुकरण करताना पाड्यावर राहणारे शिक्षक मिळविणे आणि त्यांना पुरेसे मानधन देणे या अडचणी येतात. कुरणशाळेतून तयार झालेल्या मुलाला पुढे औपचारिक शाळेत जावेच लागते. तेथे जुनी पद्धती, परकी भाषा आणि परीक्षा यांच्याशी त्याची गाठ पडते.

अनौपचारिक शाळांविषयी एक तात्त्विक आक्षेपही घेतला जातो. मुलाने गुरे राखणे गृहीत धरून शाळेची वेळ जुळवली, तर बालमजुरीला मान्यता मिळते आणि गरिबांसाठी दुय्यम दर्जाची शाळा निर्माण होते, असे या टीकेचे स्वरूप आहे. यावर प्रयोगाच्या समर्थकांचे उत्तर असे की, कुटुंबाची गरिबी दूर होईपर्यंत मुलाला शिक्षणावाचून ठेवणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. आणि चांगल्या साधनांनी, प्रशिक्षित शिक्षकाने चालविलेला कुरणातील वर्ग भिंतींच्या आतील कंटाळवाण्या वर्गापेक्षा दुय्यम ठरत नाही.

या वादाला पुढील कायद्यांनी वेगळे वळण दिले. राज्यघटनेच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. ते त्या मुदतीत साध्य झाले नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. प्रत्येक मुलाला नियमित शाळा मिळणे हे आता शासनाचे बंधन आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा सलग मानला. पूर्वप्राथमिक व प्राथमिक शिक्षणाचा हा सांधा विकासवाडीने त्याच्या सहा दशके आधी जोडला होता.

तथापि पटावर नाव येणे आणि वर्गात मन लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालघर जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे आजही शेतीचा हंगाम संपल्यावर वीटभट्ट्या आणि अन्य कामांसाठी स्थलांतर करतात, आणि घरची बोली व पुस्तकाची भाषा यांतील अंतरही कायम आहे. हजर असूनही गप्प राहणाऱ्या मुलासाठी शाळेने स्वतःत कोणता बदल करावा, हा कोसबाडने विचारलेला प्रश्न म्हणूनच कालबाह्य झालेला नाही.